पटावरचा दर्या

ज्या मनुष्याच्या नावावर आरमारातील कसलाही हुद्दा नव्हता, ज्याने तोफेला कधी बत्ती दिली नाही की शत्रूच्या जहाजाचा पाठलाग केला नाही, त्याने घरी बसून सागरी युद्धशास्त्रावर ग्रंथ लिहावा आणि दर्यावर केस पिकलेल्या सेनापतींनी तो आस्थेने वाचावा, असा प्रसंग अठराव्या शतकात इंग्रजी आरमाराच्या इतिहासात खरोखरच घडला. या गृहस्थाचे नाव जॉन क्लार्क. एडिंबरो शहराजवळच्या एल्डिन येथील म्हणून तो एल्डिनचा क्लार्क या नावाने ओळखला जाई. १७२८ साली जन्मलेला हा मनुष्य पेशाने व्यापारी होता. ताम्रपटावर चित्रे कोरण्याचा त्याला नाद होता, आणि भूगर्भशास्त्राचा आद्य प्रवर्तक जेम्स हटन याच्याशी त्याचा निकटचा स्नेह असल्यामुळे खडकांचे थर रेखाटण्यातही त्याचा हात चांगला बसलेला होता. अशा या चित्रकार व्यापाऱ्याने लाकडाच्या लहानशा तुकड्यांची जहाजे केली, ती मेजावर मांडली, वारा अमुक दिशेचा आहे असे ठरविले, आणि वृत्तपत्रांत व खलित्यांत प्रसिद्ध झालेल्या लढाया एकामागून एक पुन्हा लढून पाहिल्या. शिडांच्या काळातील नौकायुद्ध पटावर मांडण्याची जी रीत आज अनेक देशांत हौसेने पाळली जाते, तिच्या मूळ पुरुषांत क्लार्कची गणना केल्यावाचून गत्यंतर नाही.

त्याच्यापुढे जे कोडे होते ते मोठे विलक्षण होते. इंग्रजी आरमाराचा शिरस्ता असा, की लढाईच्या वेळी सर्व मोठी जहाजे एकामागे एक अशा सरळ रांगेत राहावीत, कारण त्या काळच्या जहाजाचे सारे बळ त्याच्या दोन बाजूंच्या तोफांत असे, आणि पुढून व मागून ते जवळजवळ निःशस्त्र असे. ही रांग मोडल्याबद्दल १७४४ सालच्या टूलाँच्या लढाईनंतर ॲडमिरल मॅथ्यूज याला लष्करी न्यायसभेने बडतर्फ केले. उलट १७५६ साली मिनॉर्का बेटाजवळ रांग राखण्याच्या दक्षतेत शत्रूशी पुरेशा निकराने न भिडल्याचा ठपका येऊन ॲडमिरल बिंग याला पुढच्या वर्षाच्या मार्च महिन्यात गोळ्या घालून ठार करण्यात आले. म्हणजे रांग मोडावी तर नोकरी जाते आणि राखावी तर प्राण जातो, अशा कात्रीत सापडलेल्या सेनापतींच्या हातून निर्णायक विजय घडेनासे झाले होते, आणि याचे कारण शौर्याचा अभाव हे नसून दुसरेच काही असले पाहिजे, अशी क्लार्कची धारणा होती.

मेजावरच्या जहाजांनी त्याला ते कारण दाखविले. इंग्रज सेनापती वाऱ्याच्या वरच्या अंगास राहण्याचा आग्रह धरीत आणि तेथून तिरकस चाल करून शत्रूवर उतरत. फ्रेंच सेनापती वाऱ्याखालच्या अंगास शांतपणे थांबत, येणाऱ्या जहाजांच्या डोलकाठ्या, परवाणे व दोरखंड यांवर नेम धरीत, आणि आघाडीची इंग्रज जहाजे लुळी पडली की आपली रांग वाऱ्याच्या ओघाने थोडी खाली नेऊन पुन्हा मांडीत. इंग्रजांचे गोळे शत्रूच्या सांगाड्यावर आणि त्यातील माणसांवर पडत असतील, परंतु ज्याची शिडे शाबूत आहेत तो निघून जातो आणि ज्याची फाटली आहेत तो पाहत राहतो, हा हिशेब क्लार्कने आकृत्या काढून सिद्ध केला. त्यावर त्याने सुचविलेला उपाय असा, की साऱ्या रांगेशी सारी रांग भिडविण्याऐवजी शत्रूच्या रांगेचा एखादा भाग तोडून त्यावर आपले सर्व बळ लोटावे. १७८२ च्या आरंभी त्याने या निबंधाच्या थोड्या प्रती खाजगी रीतीने छापून स्नेह्यांत वाटल्या, आणि त्याच वर्षाच्या १२ एप्रिल रोजी, वेस्ट इंडीजमध्ये डॉमिनिका व ग्वादलुप यांच्या दरम्यान, ॲडमिरल रॉडनीने फ्रेंच रांग भेदून शत्रूचा सेनापती द ग्रास याला त्याच्या निशाणाच्या जहाजासह कैद केले. या विजयाचे श्रेय आपल्या कल्पनेला आहे, असा क्लार्कचा दावा होता. रॉडनीच्या जहाजावरील प्रमुख अधिकारी सर चार्ल्स डग्लस याच्या पुत्राने पुढे तो दावा खोडून काढून श्रेय आपल्या पित्याकडे ओढले. वाद पुष्कळ काळ चालला. परंतु त्या दिवशी वारा अकस्मात दक्षिणेकडे फिरून फ्रेंच रांगेत खिंडारे पडली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे श्रेयाचा मोठा वाटा वाऱ्याच्या पदरात टाकणे भाग पडते.

येथपर्यंत जे झाले तो अभ्यास होता, खेळ नव्हता. खेळाचे रूप त्याला येण्यास शतक लोटावे लागले. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांनी नकाशा, फासे व पंच यांच्या साहाय्याने चालणारा युद्धखेळ रूढ केला, आणि पुत्राने १८२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले. परंतु तो जमिनीवरचा खेळ होता, त्यात डोंगर, नद्या व गावे ही आयतीच मिळत असत. सागरी युद्धखेळाचे नियम लोकांच्या हाती देण्याचे श्रेय फ्रेड जेन या इंग्रज लेखकाकडे जाते. जगातील युद्धनौकांच्या ज्या सूचिग्रंथामुळे त्याचे नाव अजरामर झाले, तो ग्रंथ आणि हा खेळ १८९८ सालीच प्रसिद्ध झाले, आणि दोहोंचे नाते असे, की सूचीतील माहिती खेळाला लागे व खेळ सूचीला गिऱ्हाईक मिळवून देई. जेनचा विषय मात्र वाफेच्या पोलादी नौका हा होता. शिडांच्या जहाजांकडे हौशी मंडळी पुन्हा वळली ती विसाव्या शतकात, आणि आता त्यांच्या मेजांवर मूळ आकाराच्या बाराशेव्या हिश्शाएवढी चिमुकली जहाजे कागदी किंवा कापडी समुद्रावर फिरू लागली.

अशा मेजावर एखादी जुनी लढाई मांडावयाची, तर योजकाला चार गोष्टींची तजवीज करावी लागते. पहिली वाऱ्याची. चौकोनी शिडांचे जहाज वारा जिकडून येतो त्या दिशेच्या सुमारे ६७ अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही, म्हणून बुद्धिबळाच्या पटावर उंटाला जशी तिरकी वाट बांधून दिलेली असते तशी प्रत्येक जहाजाची वाट वाऱ्याने बांधून दिलेली असते, आणि हा वाराच मधून मधून फिरतो. दुसरी गोष्ट नुकसानीची, म्हणजे सांगाडा, तोफा, माणसे आणि शिडे यांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची. तसे न केल्यास क्लार्कला दिसलेले कोडे पटावर उमटतच नाही. तिसरी गोष्ट हुकमाची. खेळणारा मनुष्य वरून सारा समुद्र एका दृष्टिक्षेपात पाहतो, पण खऱ्या सेनापतीला धुरातून पुढच्या जहाजाचे निशाणही दिसत नसे, म्हणून दोन्ही पक्षांनी आपापल्या चाली आधी गुप्तपणे लिहून ठेवाव्यात आणि मग त्या एकदम उघड कराव्यात, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. चौथी गोष्ट विजयाची. माझ्या मते सर्वांत कठीण गोष्ट हीच, आणि बहुतेक योजक तिच्याकडे शेवटी, थकल्यावर, वळतात.

या चौथ्या गोष्टीचे महत्त्व चेसापीकच्या लढाईवरून चांगले कळते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ५ सप्टेंबर १७८१ रोजी तेथील किनाऱ्यावर त्या उपसागराच्या मुखाशी ॲडमिरल ग्रेव्ह्जची १९ इंग्रज जहाजे आणि द ग्रासची २४ फ्रेंच जहाजे समोरासमोर आली. वाऱ्याची वरची बाजू इंग्रजांकडे होती. परंतु ग्रेव्ह्जने रांग राखण्याचा आणि जवळून भिडण्याचा असे दोन्ही संकेत एकाच वेळी फडकत ठेवल्यामुळे पिछाडीचा सरदार हूड पहिल्याच संकेताला चिकटून राहिला, आणि त्याची जहाजे लढाईत जवळजवळ आलीच नाहीत. संध्याकाळपर्यंत कोणीही कोणाचे जहाज पकडले नाही. जहाजे मोजून निकाल देणाऱ्या पंचाने ही लढाई बरोबरीची ठरविली असती. पण उपसागराचे तोंड फ्रेंचांच्या ताब्यात राहिले, न्यूपोर्टहून निघालेले दुसरे फ्रेंच आरमार वेढ्याच्या तोफा घेऊन निर्वेधपणे आत शिरले, इंग्रज आरमार न्यूयॉर्कला परतले, आणि यॉर्कटाउन येथे कोंडलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस याला १९ ऑक्टोबर रोजी शरण जावे लागले. ज्या लढाईत एकही जहाज हाती लागले नाही, तिने एका खंडाचे भवितव्य ठरविले. तेव्हा या लढाईचा पट मांडणाऱ्याने गुण द्यावयाचे ते बुडालेल्या जहाजांना नव्हेत, तर उपसागराच्या मुखाला.

या विवेचनाचा आपल्या किनाऱ्याशी काही संबंध आहे काय, असे कोणी विचारील, तर खांदेरीचे नाव घेता येईल. मुंबई बंदराच्या मुखापाशी, थळच्या किनाऱ्यासमोर असलेले हे ओसाड बेट १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी याने तटबंदीसाठी ताब्यात घेतले, आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, कारण तेथून त्यांच्या बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवता येत होती. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा प्रयत्न करताना त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या सकाळी मराठ्यांचा सरदार दौलतखान याचे आरमार नागावच्या बाजूने अशा वेगाने चालून आले, की इंग्रजांना नांगर उचलण्याचीही पुरती सवड मिळाली नाही. इंग्रजांची जहाजे अवघी आठ होती आणि मराठ्यांची गलबते पन्नास-साठ. ‘डव्ह’ नावाच्या गुराबेने निशाण उतरविले, बाकीची लहान जहाजे दूर सरकली, आणि मिंचिन व केग्विन हे अधिकारी असलेले ‘रिव्हेंज’ हे एकटे जहाज गराड्यात सापडले. पण त्याने तोफांचा असा भडिमार केला की काही गलबते बुडाली व उरलेली किनाऱ्याकडे परतली, असे इंग्रजांचे कागद सांगतात.

युरोपीय नियमांच्या चौकटीत हा प्रसंग जसाच्या तसा बसविला, तर मराठी आरमारावर अन्याय होईल. ते नियम बाजूच्या तोफांचे वजन मोजून जहाजाची किंमत ठरवितात, आणि त्या मापाने गलबताची किंमत नगण्य ठरते. परंतु कोकणी जहाजांची हिकमत वेगळीच होती. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकातील आंग्र्यांच्या आरमाराचे जे वर्णन केले आहे, त्यानुसार गुराब रुंद, कमी पाण्यात चालणारी आणि पुढे निमुळती असे, आणि तिच्या मुख्य तोफा नाळेवरून समोर मारा करीत. गलबताला ४० ते ५० वल्ही असत, आणि वारा पडला असतानाही ते तासाला ४ मैल चाले. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत, जेथे मोठ्या जहाजाच्या तोफा तुरळक. तेथून शिडे व डोलकाठ्या तोडल्या जात, आणि जहाज निरुपाय झाले म्हणजे तलवारी घेतलेली माणसे चहूकडून वर चढत. १७५४ साली तुळाजी आंग्र्याने डच कंपनीच्या ५०, ३६ व १८ तोफांच्या तीन जहाजांपैकी दोन जाळली आणि तिसरे पकडले, यावरून या पद्धतीचा धाक ध्यानात येईल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरणही याच समजुतीवर उभे आहे. जहाजे मध्यम आकाराची असावीत, पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा असावा, आणि वारा अनुकूल नसता विनाकारण नुकसान न सोसता आपल्या जलदुर्गाचा आश्रय करावा, असा त्यातील आशय आहे. मोकळ्या समुद्रात रांग धरून मरणे हे या शास्त्रात कोठेही पुण्य मानलेले नाही.

म्हणून खांदेरीचा पट मांडणाऱ्याने आधी दर्या मांडावा आणि मग जहाजे. पहाटे जमिनीवरून वाहणारा मतलई वारा, दुपारी उलटणारा खारा वारा, त्या दोहोंच्या मधली निवांत घटका, भरती-ओहोटी, आणि खोल बुडाच्या जहाजाला अगम्य असा थळ ते नागाव पट्ट्यातील उथळ भाग, एवढे नकाशावर आल्याखेरीज गलबतांना जीव येत नाही. निवांत घटकेत वल्ह्यांची चाल आणि पिछाडीच्या माऱ्याला अधिक गुण, मोकळ्या वाऱ्यात ‘रिव्हेंज’च्या बाजूच्या तोफांना अधिक गुण, आणि लहान इंग्रज जहाजांनी हुकूम मानला की नाही हे फाशांवर सोपविणे, असे नियम केले तर ऑक्टोबरातील ती सकाळ ओळखू येईल.

आणि शेवटी विजय. त्या दिवशीचा मुकाबला ‘रिव्हेंज’ने जिंकला, यात शंका नाही. पण त्यानंतरही अंधाराचा व उथळ पाण्याचा फायदा घेऊन होड्या बेटावर दाणागोटा व माणसे पोचवीत राहिल्या, तटाचे काम चालू राहिले, आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांनी खांदेरीभोवतीचे आपले आरमार काढून घेतले. शिवाय इंग्रजांच्या बाजूने लढत असलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दीने जवळचेच उंदेरी बेट बळकावल्यामुळे तिढा निराळाच झाला, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. तेव्हा या पटावर गुण द्यावयाचे ते बुडविलेल्या गलबतांना नव्हेत, बेटावर पोचलेल्या होड्यांना. मराठी आरमाराच्या लढायांचे वर्णन करताना आपल्याकडे पराक्रमाची विशेषणे पुष्कळ वापरली जातात आणि वारा, भरती व रसद यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो. आमच्या तरुण इतिहासप्रेमींनी खांदेरीचा एक पट मराठीत तयार करावा. कान्होजी आंग्र्यांच्या कारकिर्दीतील प्रसंग त्यामागून मांडता येतील.