गंगापूर रोडवरील चांद्रचित्रण

अशोकस्तंभापासून पश्चिमेस निघून, आनंदवल्ली व सोमेश्वर ही स्थळे मागे टाकीत, गंगापूर गावाकडे आणि पुढे 1965 साली पूर्ण झालेल्या धरणाकडे जाणाऱ्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या दप्तरात जुनी नोंद आहे ती पेशवाईची. आनंदवल्लीस राघोबादादांचा निवास होता, आणि ज्यांचे त्यांच्याशी कधीच पटले नाही त्या गोपिकाबाईंनी उत्तरायुष्यात आसरा घेतला तो नेमका जवळच्याच गंगापुरास! त्या मुलुखावर आता गृहसंकुले उभी राहिली आहेत, आणि त्यांच्या गच्चीवर 70 मिलिमीटर भिंगाची, बेताच्या किमतीची दुर्बीण तिपाईवर चढवून तिच्या नेत्रिकेला मोबाइल भिडवणे ही कोणाही हौशी गृहस्थास साधणारी गोष्ट झाली आहे. या हौसेच्या पूर्वपीठिकेत मला सर्वांत लक्षणीय वाटते ती ही गोष्ट, की आपल्या प्रांतात सरकार-दरबारच्या मोठ्या दुर्बिणीने चंद्राकडे फारसे लक्ष दिले नाही. चंद्राचा प्रांत पहिल्यापासून जणू हौशी माणसांकरिताच मोकळा राहिला.

प्रारंभी चांद्रचित्रण मुळीच सोपे नव्हते. न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर यांनी 1840 साली रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चंद्र उतरवला, तेव्हा त्या पत्र्यास सुमारे 20 मिनिटे प्रकाश द्यावा लागला. आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळे चंद्र दर 2 मिनिटांस स्वतःच्या रुंदीइतका सरकत असल्याने, त्याच्यामागे फिरणारा आरसा योजल्यावाचून त्या पत्र्यावर एक पांढुरका पट्टा उमटण्यापलीकडे काही घडते ना. पुढे 1851 साली बॉस्टनचे छायाचित्रकार व्हिपल आणि हार्वर्ड वेधशाळेचे बाँड यांनी 15 इंची दुर्बिणीतून घेतलेली चित्रे लंडनच्या महाप्रदर्शनात वाखाणली गेली, तीही दुर्बीण फिरवणाऱ्या घड्याळी यंत्राच्या बळावर.

मुंबईस 1854 साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय तीत वावरू लागले, तरी त्या मंडळींचा कॅमेरा प्रामुख्याने माणसांवर आणि इमारतींवर रोखलेला असे. आकाशाकडे पाहणारी संस्था उभी राहिली ती पुण्यास. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी 1882 साली दिलेल्या 5000 रुपयांच्या देणगीत मुंबई सरकारने तितकीच भर घातली, आणि सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या देखरेखीखाली 1888 साली महाराजांच्या नावाची वेधशाळा सुरू झाली. तिच्यातील 20 इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. पण नायगमवालांचे चित्त सूर्याच्या आणि तेजोमेघांच्या वर्णपटांत गुंतलेले होते, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते.

तरीही एका प्रसंगी चंद्र त्यांच्या काचांवर आला, तो मात्र विपरीत रूपाने. 22 जानेवारी 1898 रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहण होते. ते टिपण्यासाठी नायगमवाला तेथे गेले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या तुकडीनेही त्याच गावी तळ दिला होता. खग्रास स्थिती सुमारे 2 मिनिटे टिकली, म्हणजे चंद्राला स्वतःच्या रुंदीइतके सरकण्यास लागतो तितकाच वेळ. आणि तेवढ्या अवधीत घेतलेल्या चित्रांत सूर्याच्या प्रभामंडलाच्या मधोमध जे काळे वर्तुळ उमटले, तो चंद्र. ज्याच्या आडोशामुळे हा सारा खटाटोप संभवला, त्याची हजेरी लागली ती केवळ एक कोरी जागा म्हणून! नायगमवाला निवृत्त झाल्यावर 1912 साली वेधशाळा बंद झाली आणि तिची यंत्रसामग्री कोडाईकनालला रवाना झाली.

नाशकास कॅमेऱ्याची खरी प्रतिष्ठा लाभली ती 1913 साली दादासाहेब फाळके आपला सिनेमाचा संसार घेऊन येथे आले तेव्हा. ‘अंकुराची वाढ’ टिपण्यासाठी दिवसेंदिवस कॅमेरा रोपासमोर रोवणारा तो मनुष्य चंद्राकडे वळला असता तर काय झाले असते, हा विचार मनाला चाटून जातो खरा. पण तसे झाले नाही. फाळक्यांचे 1944 साली नाशकातच निधन झाले, आणि योगायोगाने त्याच वर्षी 22 ऑगस्टला पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन होऊन हौशी निरीक्षकांना हक्काचे व्यासपीठ मिळाले.

पुढच्या फिल्मच्या जमान्यातील अडचण निराळीच होती. 700 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत चंद्राची प्रतिमा अवघी साडेसहा मिलिमीटरची पडते. बाकीची चौकट काळीच राहते. फोटो छापणारे स्वयंचलित यंत्र त्या काळोखाची सरासरी काढून सगळेच उजळवून टाकी, आणि गिऱ्हाइकाच्या हाती येई करड्या आकाशातली पांढरी चकती. निगेटिव्हमध्ये विवरे शाबूत असत, पण ती स्टुडिओवाल्यास पटवून देता देता पुरेवाट होई. आजचा मोबाइलही आपण होऊन तीच चूक करतो. वस्तुतः चंद्र हा उन्हात पडलेला खडक आहे. गंगापूर रोडच्या झिजलेल्या डांबराप्रमाणे तोही आपल्यावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम आठवा हिस्सा परत करतो. म्हणून पडद्यावर चंद्रावर बोट ठेवून उजेड खाली ओढला, की एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यातही काम भागते, आणि ड्रेपरच्या फिरत्या आरशाची गरजच उरत नाही.

पौर्णिमेचा मोह मात्र टाळावा, कारण तेव्हा ऊन समोरून पडून विवरांच्या सावल्या नाहीशा होतात. उत्तम चित्र मिळते ते षष्ठी ते दशमीच्या दरम्यान, प्रकाश आणि अंधार यांच्या सीमारेषेवर. आणि या बाबतीत नाशिकचे स्थान लंडनकरांनी हेवा करावा असे आहे. सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे फाल्गुन-चैत्रातील शुक्ल अष्टमीचा चंद्र सायंकाळी येथे जवळजवळ माथ्यावर येतो, त्यामुळे त्याचे किरण हवेच्या कमीत कमी थरातून उतरतात. मान मात्र अवघडते, म्हणून नेत्रिकेआधी काटकोनी आरसा बसवावा लागतो.

चंद्राच्या नकाशात भारतीय नावेही आहेत. होमी भाभांच्या नावाचे विवर पलीकडच्या बाजूस असल्याने ते गच्चीवरून कधीच दिसणार नाही. पण विक्रम साराभाईंचे विवर अलीकडे, मारे सेरेनिटाटिस या सपाट प्रदेशात आहे. त्याचा व्यास सुमारे 8 किलोमीटर, म्हणजे 70 मिलिमीटर भिंगाच्या आवाक्यात असले तरी अगदी काठावरचे. षष्ठीच्या संध्याकाळी तेथे ऊन तिरपे असते. हवा स्थिर असेल, आणि तिपाई वाऱ्याने थरथरणार नाही अशी घट्ट असेल, तर त्याचा प्रयत्न करून पाहावा.