आश्रयापासून नियमनापर्यंत : तीन शब्दांचा इतिहास

अनिच्छित गर्भधारणेच्या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेली उत्तरे समाजसुधारणेच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. ती ज्या शब्दांत दिली गेली, त्यांचाही विचार व्हावयास हवा. कारण उत्तर कोणासाठी आहे हे पुष्कळदा शब्दावरूनच कळते.

१८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. बालविवाहामुळे येणारे अकाली वैधव्य, रूढीने नाकारलेला पुनर्विवाह आणि असहाय विधवेवर होणारा अत्याचार ही प्रश्नाची कारणे होत. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहास मान्यता दिली, तरी रूढी ढळली नव्हती. १८८४ साली मलबारींच्या टिपणावर अभिप्राय देताना जोतीरावांनी या गृहाचा हिशेब मांडला : ३५ विधवा तेथे प्रसूत झाल्या, अर्भकांपैकी ५ जगली, ३० दगावली. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेली विषारी औषधे, हे त्यांनी या मृत्यूंचे कारण सांगितले. म्हणजे येथे 'प्रतिबंध' होता तो हत्येचा, गर्भधारणेचा नव्हे. आणि आश्रय मिळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

गर्भधारणेच्याच प्रतिबंधाचा विचार र. धों. कर्वे यांनी मांडला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. १९२३ साली याच विषयावर पुस्तक लिहिले. या कार्यापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले. तरीही १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले. 'संततिनियमन' या समासात विवाहाचा निर्देश नाही, ही गोष्ट लक्षणीय होय.

१९५२ साली शासकीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे 'कुटुंबनियोजन' हा शब्द रूढ झाला. नियोजनाचे एकक आता कुटुंब ठरले. जुन्या मराठीत तर 'कुटुंब' म्हणजे पत्नीही. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने संततिप्रतिबंधक साधन निष्फळ ठरणे हे कारण मान्य केले, परंतु ते 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरतेच. फुल्यांनी जिच्यासाठी दार उघडले, त्या विधवेला या वाक्यात स्थान नव्हते. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले.

१८६३ पासून या शब्दबदलापर्यंत १५८ वर्षे गेली. प्रतिबंधाची साधने त्यापूर्वीच उपलब्ध झाली होती. ती कोणासाठी आहेत, हे सांगणारा शब्द मात्र मागे राहिला होता. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने परिभाषेकडे दुर्लक्ष करू नये, ते याचसाठी.