कामगार संघांची सूत्रे आणि वंशाची अट

अन्यायाचे फळ न्यायालयाने खुडले, तरी त्याचे मूळ शिल्लक राहू शकते. अमेरिकेतील कामगार संघांच्या इतिहासावरून हे ध्यानात येते.

अलाबामा राज्यात बेस्टर विल्यम स्टील हे कृष्णवर्णीय गृहस्थ रेल्वेच्या इंजिनावर फायरमन होते. सर्व फायरमनांच्या वतीने करार करण्याचा कायदेशीर अधिकार ज्या संघास होता, त्याच्या घटनेप्रमाणे कृष्णवर्णीयांस सभासदत्वच नव्हते. मग पदाधिकारी होणे दूरच. १९४१ साली या संघाने रेल्वे कंपन्यांशी करार करून कृष्णवर्णीयांचे प्रमाण निम्म्यापर्यंत मर्यादित केले. स्टील यांना कमी मोबदल्याच्या, अधिक कष्टाच्या कामावर धाडण्यात आले. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या विख्यात वकिलांनी त्यांची बाजू मांडली. संघाने सर्व कामगारांचे प्रतिनिधित्व भेदभावाविना केले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९४४ रोजी दिला. मात्र सभासद कोणास करावे, हे ठरविण्याचा संघाचा हक्क अबाधित राहिला. ते दार १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उघडले.

पुढे हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. इलिनॉय राज्यातील शिक्षक संघटनेने अल्पसंख्य वंशगटांसाठी संचालक मंडळावर काही जागा राखून ठेवल्या. १९५९ च्या कायद्यानुसार, वाजवी अटी पाळणाऱ्या प्रत्येक सभासदास पदासाठी उभे राहता येत असे. श्रममंत्र्यांनी दावा केला, आणि १९८२ साली केंद्रीय अपील न्यायालयाने ही राखीव व्यवस्था बेकायदा ठरविली.

हे दोन प्रसंग नैतिकदृष्ट्या सारखे नव्हेत. पहिल्यात बलवंतांनी दुर्बळांस वगळले. दुसऱ्यात वगळलेल्यांस स्थान देण्याचा यत्न होता.

येथे प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवतो. हेल्लेणी विधवांची उपेक्षा होत असल्याची कुरकुर झाली, तेव्हा समुदायाने सात जण निवडले. त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. वंशाची अट तेथे नव्हती. अट होती ती चांगल्या नावलौकिकाची, आत्म्याची व ज्ञानाची. तरीही उपेक्षितांस आपली वाटतील अशी माणसे पुढे आली, कारण निवडणाऱ्यांनी ती कुरकुर ऐकली होती. जेथे असे ऐकणे संपते, तेथे राखीव जागेची मागणी उठणे स्वाभाविक आहे.

न्यायालय अपात्रता दूर करू शकते, मतदात्याचे मन पालटू शकत नाही. ते काम आपले आहे. म्हणून मंडळीच्या पंचायतीची निवड होण्यापूर्वी धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी स्वतःस विचारावे: आपल्यात कोणाचे नाव कोणीच कधी सुचविलेले नाही?