दुकानदाराच्या खिशातील इतिहास

लहान दुकानदाराच्या गरजा फार जुन्या आहेत. बाजारभाव कळावा, मालाची खबर गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावी, उधारीचा हिशेब राहावा आणि पैसे खात्रीने हाती यावेत. आज या चारही कामांसाठी मोबाइल फोनवर ॲप मिळतात. त्यामुळे हे सारे काल-परवा आकाशातून पडले असे विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात यातील प्रत्येक साधनाला पूर्वज आहेत, आणि त्यांपैकी काही आपल्या सातारा-सांगली परिसरातच सापडतात.

प्रथम जाहिरातीचे पाहू. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना व वसाहत उभारली. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात येते. लोखंडी नांगर उत्तम होता, पण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता. म्हणजे माल चांगला असून भागत नव्हते. तो का चांगला आहे हे सांगणेही आवश्यक होते. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याची आणि मालाची माहिती देणाऱ्या या पत्राचे पुढे मराठीतील नामवंत मासिक झाले. जानेवारी 2018 मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस हे लहान व्यावसायिकांसाठीचे ॲप आले. त्यात मालाची यादी, छायाचित्रे, किमती आणि दुकानाच्या वेळा ठेवता येतात. पूर्वी यासाठी छापखाना लागत असे. मात्र गिऱ्हाइकाची शंका ओळखून तिला उत्तर देण्याचे काम ॲप करीत नाही. ते आजही दुकानदारालाच करावे लागते.

आता भावाकडे वळू. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथील घट्ट मातीत खोल पेवे खणून हळद साठवीत. पेव बंद केले की आतील सजीवांच्या श्वसनामुळे ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडीला जगणे अशक्य होते. (म्हणूनच पेव उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय आत उतरणे जिवावर बेतू शकते.) विशेष म्हणजे हळद जमिनीखाली असतानाच तिचे सौदे कागदावर होत. पेव न उघडता मालकी बदले. माल जागेवर राहतो आणि त्याविषयीची माहिती फिरते, ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे ती अशी. 2005 च्या महापुरात यांतील अनेक पेवांत पाणी शिरले आणि या पद्धतीला मोठा धक्का बसला.

परंतु माहिती फिरते म्हणजे ती सर्वांना सारखी मिळते असे नव्हे. अनेक बाजारांत दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल त्यालाच तो शेवटी कळे. बाजार समित्यांच्या उघड लिलावाने यावर उपाय शोधला. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय व्यवस्थेने निरनिराळ्या बाजारांतील भाव फोनवर आणले. तरीही फोनवरील आकडा आणि हातात पडणारी रक्कम एकच नसते. हळकुंडातील ओलावा, पॉलिश, रंग यांवर भाव बदलतो. भाव ठाऊक असणे ही ताकद आहे, पण आपल्या मालाची प्रत ठाऊक असल्याशिवाय ती अपुरी आहे.

साधन किती मोठे असावे? याचा धडा वारणा खोऱ्याने दिला. 1998 मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील 70 गावांसाठी वारणानगर येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसवले गेले. अपेक्षा पुष्कळ होत्या; शेतकरी मात्र मुख्यतः आपल्या उसाचे वजन, खताची नोंद अशा मोजक्या गोष्टींसाठीच केंद्रावर येत. 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी काही गावांत हीच कामे साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून दाखवली. गरज नेमकी ओळखली, तर लहान साधनही पुरते. दुकानासाठी ॲप निवडतानाही आधी काम ठरवावे आणि मग ॲप शोधावे.

विश्वासाचा प्रश्न सर्वांत कठीण. 1858 मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. हेतू एवढाच, की त्याने पुढे करार नाकारू नये. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 1997 साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ उभी राहिली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते. “व्याजाचे गणित घाला, आम्ही तोंडी सोडवतो,” अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे गुप्त आकड्याचा विषय निघाला, तेव्हा आकडा कोणीही चोरू शकेल, अंगठा नाही, हा मुद्दा सभासद स्त्रियांनीच मांडला. मुद्दा मार्मिक आहे. त्याला दुसरी बाजूही आहे: कष्टाने रेषा झिजल्या की यंत्र अंगठा ओळखत नाही, आणि आकडा बदलता येतो तसा अंगठा बदलता येत नाही.

शेवटी दुकानांतील तो ठिपकेदार चौकोन, म्हणजेच क्यूआर कोड. तो 1994 मध्ये जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा व सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. मजकुरासोबत जादा अंकही भरलेले असतात. त्यामागे रीड आणि सॉलोमन यांचे 1960 चे गणित आहे. त्यामुळे सुमारे 30 टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. भारतात 2016 मध्ये ‘यूपीआय’ सुरू झाले आणि हा चौकोन टपरीपर्यंत पोहोचला.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. दुकानात चिकटवलेल्या या चौकोनात पैसे नसतात, फक्त पत्ता असतो. कोणी त्यावर आपला कागद चिकटवला तर पैसे दुसऱ्याच पत्त्यावर जातात. म्हणून पाठवण्यापूर्वी पडद्यावरील नाव वाचायचे. तसेच पिन लागतो तो पैसे देताना. घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. एवढे समजलेला भाजीवाला पुष्कळ फसवणुकींतून वाचेल.

वहीचा प्रश्न उरतो. लाल कापडात बांधलेली खतावणी पुरात भिजे, पण ती मालकाच्या घरात असे. ॲपमधील खतावणी पाण्यापासून वाचते, पण ती दूरच्या कंपनीच्या संगणकावर असते. कोणाची उधारी किती, कोणता माल कधी खपतो, हे आता तिसऱ्याला कळते. ॲप बंद पडले तर नोंदी आपल्याला परत मिळतील का, हे ते वापरण्याआधीच पाहावे आणि महिन्याकाठी एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एखाद्या साध्या वाक्याचा क्यूआर कोड छापून घ्या. कागदाचे लहान तुकडे ठेवून मधला भाग थोडाथोडा झाकत जा आणि फोन कधी वाचणे थांबवतो ते नोंदवा. मग कोपऱ्यातील केवळ एक चौकोन झाका. दोन्ही वेळचा फरक का पडला, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.