जुनी चौकट आणि नवें चाक

‘जुनें तें सोनें’ असें आपण सहज म्हणून जातों. परंतु सोनें आटवून त्याचा नवा दागिना घडवितां येतो, तसें जुन्या यंत्राचें करितां येतें काय? शर्यतीची एखादी चाळीस वर्षांपूर्वींची सायकल घरांत असावी, तिची पोलादी चौकट अजून खणखणीत असावी, आणि झिजलेल्या मागील चाकाच्या जागीं आजचें चाक बसवूं पाहावें, म्हणजे हा प्रश्न हातांत पाना घेऊन सोडवावा लागतो. त्याचें उत्तर मात्र कारागिराच्या हातापेक्षां इतिहासांत अधिक सांपडतें.

फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत 1903 सालीं सुरू झाली. पुढें कित्येक वर्षें स्वारांच्या मागील चाकाला दोन्ही अंगांना निरनिराळ्या आकाराचीं दांतेरी चक्रें असत. घाट आला कीं स्वारानें उतरावें, चाक काढून उलटें बसवावें आणि पुन्हां चालूं लागावें. 1927 सालीं इटलींतील क्रोचे दाउने घाटांत, थंडीनें बधिर झालेल्या बोटांनीं तुल्लिओ काम्पान्योलो याला चाकाची चाप सुटेना, व त्यांतूनच एका तरफेनें क्षणांत चाक मोकळें करण्याची युक्ति त्याला सुचली, अशी आख्यायिका सांगतात. 1933 सालीं त्यानें विचेन्झा येथें कारखाना काढला. 1937 सालीं फ्रान्सच्या शर्यतीनें साखळी सरकविणाऱ्या गियरला मुभा दिली. चाक चौकटीपासून सहज सुटूं लागलें, आणि म्हणूनच तें दुसऱ्या चौकटींत जाण्याचीही वाट मोकळी झाली.

पण चक्रांची संख्या वाढूं लागली, तशी ही वाट अरुंद होत गेली. पांच चक्रांच्या काळीं चौकटीच्या मागील भुजांमध्यें 120 मिलिमीटर अंतर पुरे. सहा-सात चक्रांना 126, आणि आठ चक्रांपासून 130 लागूं लागलें. पूर्वीं सर्व चक्रांचा संच, म्हणजे फ्रीव्हील, चाकाच्या तुंब्यावर आट्यांनीं फिरवून बसवीत. एका कारखान्याचें फ्रीव्हील दुसऱ्याच्या तुंब्यावर बहुधा बसे. मात्र संच रुंद झाला तसा आंसाचा उजवा भाग आधारावांचून लांब राहूं लागला, आणि आंस वांकूं वा मोडूं लागले. 1978 सालीं जपानच्या शिमानोनें शर्यतीच्या सायकलींसाठीं फ्रीव्हीलची यंत्रणाच तुंब्यांत घातली व चक्रें खांचांवरून सरकवून बसविण्याची सोय केली. हीच आजची कॅसेट. आंसाला बळ मिळालें. पण प्रत्येक कारखान्याच्या खांचा निराळ्या. 1984 सालीं ठराविक टप्प्यांनीं सरकणारा गियर आला, तेव्हां दोन चक्रांमधील अंतरही काटेकोर जुळावें लागलें. तोंवर तरफ हाताच्या अंदाजानें फिरे आणि ती कोणत्याही संचाशीं जुळवून घेई.

आतां आपल्या जुन्या सायकलकडे वळूं. 126 च्या पोलादी चौकटींत 130 चें चाक घालावयाचें म्हणजे प्रत्येक भुजेनें दोन-दोन मिलिमीटर सरकावयाचें. पोलाद लवचिक, कुशल कारागीर भुजा समतोल फांकवून तेवढें साधतो. ॲल्युमिनियमच्या वा कार्बनच्या चौकटीवर हा प्रयोग करूं नये. ती तडकण्याची भीति असते. मूळचें चाक 27 इंची असेल तर आणखी एक अडचण. त्याची टायर बसण्याची बैठक 630 मिलिमीटर व्यासाची, आजच्या 700-सी चाकाची 622. ब्रेकचे ठोकळे चार मिलिमीटर खालीं उतरत असतील तरच काम भागतें.

2012 सालीं शिमानोनें अकरा चक्रांसाठीं तुंब्यावरील बैठक वाढविली, पण इतक्या बेतानें, कीं 1.85 मिलिमीटरची एक कडी घातली असतां आठ-नऊ चक्रांची जुनी कॅसेट तीवर बसते. म्हणजे नव्याच्या घरीं जुन्याला जागा आहे. जुन्याच्या घरीं त्या नव्या कॅसेटला मात्र नाहीं. काम्पान्योलोनें 1997 च्या नऊ चक्रांची बैठक 2008 च्या अकरांना आणि 2018 च्या बारांनाही चालूं दिली. याउलट डिस्क ब्रेकबरोबर आलेला 142 मिलिमीटरचा आरपार आंस जुन्या चौकटीला सर्वस्वी परका आहे.

यांत्रिक प्रगतीला दोष देण्याचें कारण नाहीं. मोडणाऱ्या आंसावर कोणी किती दिवस बसावें? परंतु नवें माप ठरवितांना मागल्या मापाची आठवण ठेवणें हें केवळ गणित नव्हे, तें सौजन्यही आहे. तें दाखविलें गेलें तेथें एका कडीनें काम भागतें. न दाखविलें तेथें खणखणीत चौकट भिंतीच्या खुंटीला टांगली जाते.