वर्गणीपासून क्राउडफंडिंगपर्यंत : आजारपणाचा खर्च कोणाचा?

आज आपण ज्या गोष्टीचा इतिहास पाहणार आहोत, ती आपल्या सगळ्यांच्याच मोबाइलवर येऊन गेलेली आहे. अतिदक्षता विभागातल्या लहान मुलाचा फोटो, खाली लाखांतला आकडा आणि मदतीची विनंती. आपण कधी पैसे पाठवतो, कधी बोटाने पुढे सरकतो, आणि सरकल्यावर थोडं अपराधी वाटतं. हे अपराधीपण आपल्या वाट्याला कसं आलं, ते बघूया.

क्राउडफंडिंग हा शब्द नवा, पण गोष्ट जुनीच. आपण तिला वर्गणी म्हणतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना गावोगाव नेली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा, बस्स. टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. तिकडे न्यूयॉर्कमध्ये १८८५ साली स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रातून आवाहन केलं. सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून सुमारे एक लाख डॉलर दिले, बहुतेकांनी एका डॉलरपेक्षाही कमी. पुलित्झर यांनी देणाऱ्यांची नावं छापली. हे लक्षात ठेवा. तिथे नाव देणाऱ्याचं होतं. आज चेहरा घेणाऱ्याचा असतो.

आता आजारपणाकडे येऊ. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. सर जोसेफ भोर हे आपल्या नाशिकचे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व त्या अहवालाने मांडलं. म्हणजे आजारी माणसाने कोणापुढे हात पसरायचा नाही, व्यवस्था आधीच तयार हवी. ते पूर्णपणे घडलं नाही. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४ टक्के लोकांच्या थेट खिशातून जात होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, नाकारायचं कारण नाही. पण ३९ टक्के म्हणजेही कुणाचे तरी दागिने आणि कुणाची तरी जमीन.

या पोकळीत संकेतस्थळं आली. अमेरिकेत 'गोफंडमी' आणि बंगळुरूत 'मिलाप' २०१० मध्ये, मुंबईत 'केटो' २०१२ मध्ये. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाला स्नायूंच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारावर सुमारे १६ कोटींचं एकच इंजेक्शन हवं होतं. अनोळखी लोकांनी पैसे जमवले, सरकारने सहा कोटींच्या आसपासचा कर माफ केला. त्याच वर्षी आलेल्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात सरकारनेच ऐच्छिक देणग्यांसाठी डिजिटल व्यासपीठाची तरतूद केली. बघा हं, राज्यसंस्था स्वतःच वर्गणीची पेटी पुढे करते आहे.

इथे तत्त्वज्ञान मदतीला येतं. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ च्या एका निबंधात दाखवलं, की एका सहा वर्षांच्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी लोक धडाधड पैसे पाठवतील. पण कर न वाढवल्यामुळे रुग्णालयांची अवस्था खालावून काही माणसं मरणार आहेत असं सांगितलं, तर कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. चेहऱ्याला दया मिळते, आकड्याला नाही. आणि चेहऱ्यांतही स्पर्धा असते. बर्लिनर आणि केनवर्दी या संशोधकांनी २०१७ मध्ये गोफंडमीवरच्या २०० वैद्यकीय आवाहनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली साधारण दहापैकी एकच आपल्या रकमेपर्यंत पोहोचली होती. ज्याच्या ओळखी जास्त, ज्याला आपली कथा नीट सांगता येते, तो पुढे. ज्याला लिहिता येत नाही, ज्याचा आजार फोटोत दिसत नाही, त्याचं काय?

म्हणून आपण दोन गोष्टींत फरक करूया : फंड आणि आवाहन. फंड आजाराच्या आधी असतो आणि नियमाने चालतो. आवाहन आजारानंतर येतं आणि कथेवर चालतं. महाराष्ट्रात असा एक फंड आहे, पण अनेकांना तो माहीतच नसतो. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, शिवाय एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. तिथे फोटो लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागतो. मागणारा तिथे याचक नसतो, हक्कदार असतो.

मग आवाहन आलं तर पैसे द्यायचे की नाही? जरूर द्यायचे. समोरचं मूल धोरण बदलेपर्यंत थांबू शकत नाही. फक्त देऊन झाल्यावर हिशेब मिटला असं समजू नये. ओळखीत कोणी अडचणीत असेल, तर लिंक फिरवण्याआधी त्याच्याबरोबर धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावं. आणि मत मागायला येणाऱ्याला विचारावं, आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर का नाही? मंडळी, ते अपराधीपण एकट्याने बाळगायचं नाही, ते सार्वजनिक आहे. आज इथेच थांबू.