सुरतेचा जुना चहा

उधन्याच्या स्थानकाबाहेर पहाटे उभे राहावे, तो खानदेशी बोली कानी पडते. तापीकाठच्या लोहमार्गाने जळगाव-नंदुरबारकडून आलेली ही मंडळी यंत्रमागांवर जाण्यापूर्वी आले घातलेला चहा घेतात. चहा आपणांस इंग्रजांनी शिकविला, असे आपण सारेच म्हणतो. ह्या सुरतेच्या वेशीवर तरी ते विधान पारखून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

सुरत म्हटली की मराठी मनापुढे 1664 ची स्वारी उभी राहते. तिच्याही आधी, 1638 साली, मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी येथील इंग्रज वखारीत राहिला होता. वखारीतील रोजच्या बैठकीत चहा असे आणि एतद्देशीय लोकही तो घेत, असे तो सांगतो. लंडनच्या कॉफीगृहात चहा विकला जाऊ लागला, तो 1657 च्या सुमारास! मग कोणी कोणास शिकविले?

1689 साली आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन अधिक तपशील देतो. डचांची चहाची किटली विस्तवावरून क्वचितच उतरे. बनिया मंडळी चहा मनमुराद पीत. उष्ण मसाला घालून उकळलेला चहा डोकेदुखी, मूतखडा व पोटातील मुरडा ह्यांवर गुणकारी मानीत. त्यात खडीसाखर घालीत, आणि शौकीन असले तर मुरलेली लिंबे. दुधाचा मात्र तेथे उल्लेख नाही.

हा चहा चीनमधून येई. बिंग, सिंगलो व बोही ही त्याची नावे ओव्हिंग्टनच नोंदतो. चहा औषधासारखा उकळून घेण्याची रीत आजही चीनमध्ये आहे. फूच्यान प्रांतातील श्वेत चहाची पाने भाजीत वा वळीत नाहीत. नुसती सुकवितात व कोरड्या जागी वर्षानुवर्षे मुरवितात. ताज्या पानांचा फिका रंग मुरल्यावर मधासारखा होतो, वासाला खजूर व वनौषधींची झाक येते. अशा पानांवर कढत पाणी ओततात. रस उतरेनासा झाला की तीच पाने मंद आचेवर उकळतात. सुरतेचा चहा हाच होता, असे आमचे म्हणणे नाही. पान आणि विस्तव ह्यांचे नाते मात्र तेच.

चहा स्वस्त करून घरोघर नेला तो मळेवाल्यांनी, विसाव्या शतकात. हे श्रेय त्यांचे त्यांस द्यावे. सुरतेपासून आजपर्यंत परंपरा अखंड चालत आली, असाही दावा आम्ही करीत नाही. परंतु आसामात मळे उभे राहण्यापूर्वी दीडशे वर्षे, चहात मसाला घालून तो उकळणारे हात ह्या शहरात होते. प्रवाशांची नावे ग्रंथांत राहिली. त्या हातांची कोणी लिहून ठेवली नाहीत.

मराठीत चहा, गुजरातीत चा, कोंकणीत च्या. मूळ शब्द चिनी. पान परक्याचे, शब्द परक्याचा. उधन्याच्या पेल्यातील आल्याचा झणका तेवढा आपला, आणि तो कोणाकडून उसना घेतलेला नाही.